गादीवरून मैदानावर : स्थूल देह, दुखरे गुडघे आणि धावणे

व्यापारी माणसाचा देह हा त्याच्या धंद्याचीच एक खतावणी असते. जमेच्या बाजूला काय साठले आणि नावे काय पडले, हे त्याच्या पोटाकडे व चालीकडे पाहून जाणत्यास सहज सांगता येते. आमच्या वाडवडिलांच्या काळी धान्याचा व्यापार पायांनी होत असे. निपाणी, संकेश्वर, गोकाक येथले आठवड्याचे बाजार गाठावयाचे, पोत्यापोत्यात हात घालून नमुना पाहावयाचा, वखारीत थप्पीवर चढून माल मोजून घ्यावयाचा, असा तो जमाना होता. आज नमुन्याचे छायाचित्र फोनवर येते, भाव फोनवर ठरतो, पैसेही फोनवरच जमा होतात, आणि शेठजी सकाळी नऊ वाजता गादीवर मांडी घालून बसले की दुपारच्या जेवणापर्यंत लोडाला टेकलेलेच राहतात. बेळगावच्या रविवार पेठेत आम्ही स्वतः चाळीस वर्षांहून अधिक काळ असेच बसत आलो आहोत. तेव्हा हे वर्णन परक्याचे नव्हे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या समाजाच्या कोणत्याही मेळाव्यास जावे, भोजनाच्या पंगतीत पन्नाशीपुढची मंडळी आता खाली बसत नाहीत. टेबल-खुर्च्यांची सोय नसेल तर यजमानांची तारांबळ उडते. भाव, मंदी आणि मुलांची लग्ने हे बोलण्याचे जुने विषय. त्यांत आता गुडघ्यांची भर पडली आहे. अशा मंडळींपुढे ‘आम्ही धावतो’ असे म्हटले की प्रथम हसू होते आणि मग एकच प्रश्न येतो : ‘‘अहो, पण गुडघे?’’ स्मरणिकेच्या संपादकांनी नेमक्या याच प्रश्नावर लिहावयास सांगितले. आम्ही वैद्य नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी आहोत. तरी जे वाचले, जाणकारांस विचारले आणि स्वतःच्या पायांवर पडताळून पाहिले, ते बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

सन २०२२ च्या दिवाळीत आमचे वय ६२ व वजन ९८ किलो होते. हे वजन वखारीतल्या मोठ्या काट्यावर, हमालांच्या देखत केलेले असल्यामुळे त्यात लपवाछपवीस जागा नाही. उजवा गुडघा चार वर्षांपासून दुखत होता व जिना उतरताना विशेष त्रास देत असे. सन २०१८ च्या महामस्तकाभिषेकाच्या वर्षी श्रवणबेळगोळ येथे विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या आम्हास चढवेनात, म्हणून चौघांच्या खांद्यावरील डोलीतून वर जावे लागले. वाहणारी माणसे कृश होती आणि वाहिला जाणारा पुष्ट होता. दर्शन उत्तम झाले. परंतु उतरताना त्या माणसांचे हलणारे खांदे आणि टपटपणारा घाम पाहून आमच्या मनास जे वाटले, ते अजून गेलेले नाही. पुढचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या क्रमाने २०३० साली येईल. तेव्हा स्वतःच्या पायांनी वर जावे एवढीच आमची इच्छा आहे. धावण्याच्या शर्यतीतील पदकाशी आम्हास कर्तव्य नाही.

एका डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडापुढे धरून दोन मिनिटांत निकाल दिला : ‘‘झीज आहे. जिने टाळा, चालणे कमी करा, वेळ आली की सांधा बदलू.’’ दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र बाजूस ठेवले, आम्हास खुर्चीवरून हात न टेकता उठावयास सांगितले आणि आम्हास ते जमत नाही हे पाहून म्हणाले, ‘‘गुडघ्याचे नंतर पाहू. तुमच्या मांडीत जोर कोठे आहे?’’ आम्ही दुसऱ्यांचे ऐकले. साठीच्या आसपासच्या पुष्कळ माणसांच्या चित्रात झीज दिसते पण त्यांना दुखत नाही, आणि पुष्कळांना दुखते पण चित्रात फारसे काही नसते, ही गोष्ट त्यांनीच आम्हास समजावून सांगितली. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ज्यांना खरोखरच लागते त्यांना ती वरदान आहे, यात वाद नाही. मात्र ती शेवटची पायरी असावी, पहिली नसावी.

गुडघ्याची रचना थोडक्यात सांगावयाची तर, मांडीचे व नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे दोहोंच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि पुढच्या बाजूस गुडघ्याची वाटी सरकत असते. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळते. आणि तो द्रव दाबाने आतबाहेर होतो, पाण्यात बुडवलेला स्पंज दाबून सोडावा तसा. म्हणजे गुडघ्यावर भार पडणे व उठणे ही त्याची शिक्षा नसून त्याचे भोजनच होय. आमच्या गादीवर दिवसभर मांडी घालून गुडघा पूर्ण दुमडून ठेवावयाचा आणि त्याला हलवावयाचे नाही, यात त्याचा आराम होतो ही समजूत आहे. गुडघ्याचा खरा राखणदार म्हणजे मांडीच्या पुढचा मोठा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू. ते दुबळे झाले की प्रत्येक पावलाचा हादरा थेट सांध्यावर जातो. आम्ही पेढीत गादीशेजारी एक साधी खुर्ची ठेवली आहे. जुने दलाल अजून तिच्याकडे संशयाने पाहतात.

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण तो आपल्या धंद्याचा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे गुडघ्याचा संधिवात असलेल्या १४२ स्थूल व वयस्कर स्त्रीपुरुषांवर अभ्यास झाला व तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. आजवर आमचे वजन १२ किलोने उतरले, म्हणजे पावलामागे ४८ किलो वाचले. एक किलोमीटर चालताना दोन्ही पायांची मिळून तेराशेच्या आसपास पावले पडतात असे धरले, तर एका गुडघ्याच्या वाट्याला साडेसहाशे येतात. साडेसहाशे गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे ३१,२०० किलो, ३१२ क्विंटल! दहा टनी तीन ट्रक भरून वर बारा क्विंटल माल दर किलोमीटरास एका गुडघ्यावरून उतरला, असा त्याचा अर्थ. हा हिशेब आम्ही पेढीतल्या मुनिमांस दाखविला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासला आणि मग आपल्या पोटाकडे पाहिले.

परंतु चालणे वेगळे आणि धावणे वेगळे, धावण्याने गुडघे झिजतात, असे सर्वत्र बोलले जाते. याविषयी जे संशोधन झाले ते बोलण्याच्या उलट आहे. स्टॅनफर्ड येथे १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या ४५ धावणाऱ्यांच्या व ५३ न धावणाऱ्यांच्या गुडघ्यांची चित्रे जवळजवळ अठरा वर्षे घेण्यात आली. धावणाऱ्यांत संधिवात अधिक आढळला नाही. सन २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून परीक्षण झाले. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात शेकडा साडेतीन जणांना, बैठे जीवन जगणाऱ्यांत शेकडा दहाहून थोड्या अधिक जणांना आणि स्पर्धेसाठी आत्यंतिक धावणाऱ्यांत शेकडा तेराहून अधिक जणांना आढळला. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता यातून थोडी तूट वजा करावयास हवी : ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, दुखरे मधेच गळतात. तरीही माफक धावणे हे गुडघ्याचे शत्रू आहे, असे या आकड्यांतून निघत नाही.

वयस्कर व स्थूल माणसांनी सावकाश धावावे ही कल्पनाही काही आजची नव्हे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकांनी हृदयविकारातून उठलेल्या व पोट सुटलेल्या सामान्य नागरिकांना १९६० नंतरच्या काळात हळूहळू धावावयास लावले. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तेथे गेले असता लिडियार्ड यांनी त्यांना आपल्या मंडळींबरोबर धावावयास नेले. बॉवरमन यांनी पन्नाशी ओलांडली होती. दुसऱ्यांना धावावयास शिकविणारा हा गृहस्थ स्वतः मात्र मागे पडला, आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला सत्तरीपुढचा एक म्हातारा त्यांना सोबत करीत पुढे घेऊन गेला! मायदेशी परतल्यावर बॉवरमन यांनी आपल्या गावात तसेच वर्ग सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञासह या सावकाश धावण्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे वयाचा विषय निघाला की पंजाबचे फौजासिंग यांचे नाव घेतले जाते. वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० साली, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पुरी केली. २०११ साली शंभरी गाठल्यावर टोरांटोची केली. आणि २०२५ च्या जुलैत आपल्या गावाजवळ मोटारीच्या धडकेने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते ११४ वर्षांचे असल्याचे सांगितले जाते. त्यांना आमचा नमस्कार असो. परंतु ते मुळातच सडपातळ शेतकरी. आमच्यासारख्यांना ऑकलंडचा तो म्हातारा अधिक जवळचा.

प्रारंभ कसा करावा? आम्ही प्रथम रक्तदाब, रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख यांची तपासणी करून घेतली, व पुढे तब्बल तीन महिने धावलोच नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी चालावयाचे, आरंभी वीस मिनिटे आणि मग वाढवीत पाऊण तास. एक दिवसाआड घरी व्यायाम. पाठीवर उताणे निजून एक पाय सरळ ठेवून वितीएवढा उचलावयाचा व मनात दहा मोजून खाली ठेवावयाचा. खुर्चीवरून हात न टेकता उठावयाचे व सावकाश बसावयाचे. भिंतीला हात टेकून टाचा उचलावयाच्या. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकेका पायाने चढ-उतार करावयाची. तालमीतल्या खोल बैठका मारावयाच्या नाहीत. त्या तरुणांना शोभतात, दुखऱ्या गुडघ्यांना नव्हे. पहिल्या आठवड्यात आम्ही खुर्चीवरून कसेबसे चार वेळा उठलो. तिसऱ्या महिन्यात दहा-दहाच्या तीन फेऱ्या होऊ लागल्या, आणि गंमत अशी की धावण्याचे एक पाऊलही न टाकता जिना उतरतानाची कळ निम्म्याने कमी झाली. ज्यांना लेखातील एकच गोष्ट करावयाची असेल त्यांनी हीच करावी.

मग धावणे. घरच्या व कारखान्यातल्या बैठ्या माणसांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम जगभर प्रसिद्ध आहे. तो १९९६ साली अमेरिकेत जोश क्लार्क या तरुणाने आपल्या आईसारख्या नवशिक्यांसाठी आखला. त्यात एक मिनिट धावणे व दीड मिनिट चालणे असा आरंभ असून शेवटी सलग अर्धा तास धावता येते. आमच्या देहास नऊ आठवडे अपुरे होते. आम्ही अर्धा मिनिट धावावयाचे व दोन मिनिटे चालावयाचे, असे आठ वेळा, आठवड्यातून तीनच दिवस, असे ठरविले. प्रत्येक पायरीवर एकाऐवजी दोन-तीन आठवडे काढले, आणि नऊ आठवड्यांचे काम सात महिन्यांत केले. सावकारी व्याज आणि गुडघ्याचे काम यांत घाई करणाराच बुडतो. स्नायू व श्वास काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा, कूर्चा व हाड यांना महिने लागतात, आणि नवशिक्याच्या दुखापती बहुधा या मधल्या अंतरातच होतात, कारण तेव्हा दम पुरू लागलेला असतो व माणसाला चेव येतो.

वेग किती असावा? शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे इतकाच. आमची धाव पाहून एका तरुणाने आम्हास चालतच मागे टाकले होते. त्यात काही बिघडले नाही. पाऊल मात्र आखूड टाकावे, देहाच्या फार पुढे टाकू नये, आणि पावलांची गती किंचित वाढवावी. त्याच वेगात पावलांची संख्या शेकडा पाचाने वाढविली तर गुडघ्याला झेलावा लागणारा भार सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसले आहे. मैदानाशेजारून कधी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातील जवान दुडक्या चालीने जाताना दिसतात. त्यांची पावले पाहावीत, लांब ढांगा टाकीत नाहीत.

लोक काय म्हणतील याची धास्ती नवशिक्यास गुडघ्याहून अधिक असते. आमच्या वखारीतला एक वृद्ध हमाल पहाटे सायकलवरून जाताना थांबला आणि घाबरून म्हणाला, ‘‘सावकार, काय झालंय? कोण मागं लागलंय?’’ आम्ही म्हटले, ‘‘कोणी नाही बाबा, व्यायाम चाललाय.’’ तो हसून म्हणाला, ‘‘मग वखारीत या की, थप्पी लावायची हाय.’’ यावर आम्हापाशी उत्तर नव्हते. घरी मात्र सौभाग्यवतींनी पहिले दोन महिने कोणासही कळू दिले नाही. आज त्या स्वतः दोन सुनांसह चालावयास येतात व थोरली सून आमच्यापुढे धावते. गुडघेदुखी स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळते हे ध्यानी घेता, घरातील व्यायामाचा वेळ प्रथम त्यांना मिळावा, स्वयंपाकघर अर्धा तास थांबेल.

दुखणे कोणते सोसावे आणि कोणते सोसू नये, याची निवड धान्यातील खड्यांइतकीच बारकाईने करावी. धावताना किंचित ठणकणे, जे चोवीस तासांत पूर्वपदावर येते, ते चालते. दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखत असेल तर पुढच्या खेपेस धाव कमी करावी, बंद करावयाची गरज नसते. परंतु गुडघा सुजला, मध्येच अडकला, दगा देऊन वाकला, वा रात्री निजू देईनासा झाला तर डॉक्टरांकडे जावे. छातीत दडपण, भोवळ, डाव्या हातात वा जबड्यात कळ असे काही झाले तर त्याच क्षणी थांबावे, ‘एवढी फेरी पुरी करू’ म्हणू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी साखर उतरण्याचा धोका डॉक्टरांशी बोलून घ्यावा व रोज रात्री पावले तपासावीत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही. आणि ज्यांच्या सांध्याची झीज फारच पुढे गेली आहे त्यांनी धावण्याचा हट्ट सोडून चालणे, पोहणे वा सायकल धरावी. त्यांचे वजन तेवढ्यानेही उतरेल.

बुटांवर खर्च करावा. पेढीवर मिळकत गेल्यासारखे वाटते, परंतु हाच खर्च वाचविण्यात अर्थ नाही. आजचे धावण्याचे बूट बहुधा जाळीदार कापड व फेसासारख्या रबराचे असल्यामुळे कातडे न वापरणाऱ्या आपल्या घरांनाही अडचण पडत नाही. तरी घेताना विचारून घ्यावे. सायंकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप घ्यावे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी. जमीन मातीची व सपाट असावी. आमच्या भागातील तांबडी माती कोरडी असता उत्तम, पावसात मात्र शेवाळाने निसरडी होते. उतारावर धावू नये. दुखऱ्या वाटीला उतार सर्वांत जड जातो.

आहाराविषयी आपल्या समाजास कोणी नवे सांगावे अशी स्थिती नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन ही आपली जुनी चाल असून रात्रीच्या फराळाची पंचाईतच नाही. परंतु सत्य असे की सूर्यास्तापूर्वी म्हणून पाच वाजताच फरसाण, तुपातला शिरा आणि वर जेवण, असे आम्ही जमवून घेतो. म्हणजे वेळ पाळली आणि मापाचे काय? धावण्याने वजन उतरते ते थोडेच. नव्वद किलोच्या माणसाने तीन किलोमीटर धावून जेवढी उष्णता खर्च केली तेवढी दोन पेढ्यांच्या आसपास परत येते. आमचे बारा किलो उतरले त्यात मोठा वाटा तूप, साखर व भात निम्म्यावर आणण्याचा आहे. डाळी, उसळी व ताक वाढविले. धान्याच्या व्यापाऱ्याने भात कमी खावा असे लिहिणे धंद्यास बरे नव्हे, पण लिहिले.

ज्यांचा सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे होईपर्यंत पाणी न घेण्याचा नियम आहे, त्यांनी पहाटे धावू नये. नियम सुटल्यावर पाणी पिऊन धावावे वा सायंकाळची वेळ धरावी. उपवासाच्या दिवशी धावणे वर्ज्य. चातुर्मासाविषयी एका वडीलधाऱ्यांनी आम्हास आडवे घेतले : ‘‘पावसात जमिनीवर एवढे जीव, आणि तुम्ही धावता?’’ त्यांची शंका योग्य होती. पुढे पाहून पाऊल टाकण्याचा नियम आपल्या साधूंसाठी सांगितला असला तरी श्रावकाने त्याकडे डोळेझाक करावी असे नाही. तेव्हापासून पावसाळ्याचे चार महिने आम्ही गवतात उतरत नाही; उजाडल्यावर वखारीपुढच्या फरसबंद पडवीत, आधी झाडून घेऊन, लांबीच्या फेऱ्या घालतो. एक फेरी साठ पावलांची. कंटाळा येतो हे खरे, पण बेळगावच्या पावसात मैदानावर तसेही तळेच झालेले असते.

आज आम्ही न थांबता पस्तीस मिनिटे धावतो व त्यात चार किलोमीटरच्या आत-बाहेर अंतर होते. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही. थंडीत सकाळी तो कुरकुरतो व दहा मिनिटे चालल्यावर मोकळा होतो. गेल्या थंडीत कुंभोजजवळच्या बाहुबलीचा डोंगर आम्ही पायांनी चढलो आणि, त्याहून अवघड म्हणजे, पायांनी उतरलो. कठडा दोनदा धरला.

रविवार पेठेतले आम्ही चौघे सोमवार, बुधवार व शुक्रवारी सकाळी व्हॅक्सिन डेपो मैदानावर असतो. चौघांचे मिळून वजन साडेतीन क्विंटलच्या वर आहे, तेव्हा नव्याने येणाऱ्याने संकोचू नये. पहिले तीन महिने त्यास कोणी धावू देणार नाही. येताना बूट सैल आणावेत. तपासणीचे कागद आम्हास दाखवावयाचे कारण नाही, मात्र तपासणी झालेली असावी.